टीव्हीवर गोल फिरतंय? आधी प्लॅन वाढवू नका

व्हिडिओ अडकायला लागला की लोक पहिला फोन नेटवाल्याला करतात आणि मोठा प्लॅन घेतात. या चुकीचा मला खरंच राग येतो. पैसे जातात आणि गोल फिरायचं ते फिरतच राहतं.

डोंबिवलीच्या मावशीकडे हेच झालं. काकांनी वर्षभरात ५० एमबीपीएसचा (हे नेटच्या स्पीडचं माप) प्लॅन १०० केला, मग २००. रात्रीची मालिका तरीही अडकायची. मी गेलो तर राउटर दिसेचना. वायरी बऱ्या दिसत नाहीत म्हणून तो चपलांच्या लोखंडी कपाटात कोंडलेला! कपाट उघडून राउटरपाशी मोबाइलवर स्पीड मोजला, १८० आला. दार लावून बेडरूममध्ये टीव्हीपाशी मोजला, ४. नेटफ्लिक्स फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. म्हणजे ५० चा प्लॅनही पुरून उरला असता. राउटर बाहेर काढून डोक्याच्या उंचीवर ठेवला, तर टीव्हीपाशी ३५ मिळाले. काकांनी त्याच महिन्यात प्लॅन खाली आणला.

तेव्हापासून मी मोजतो ते टीव्हीपाशी आणि रात्री नऊला, घरातले सगळे नेटवर असताना. सकाळी राउटरला खेटून घेतलेला आकडा मला कुणी सांगू नये.

दुसरी चूक रिपीटरची, म्हणजे राउटरची रेंज पकडून पुढे पाठवणाऱ्या डबीची. बेडरूममध्ये रेंज नाही म्हणून रिपीटर बेडरूममध्येच लावतात. मोबाइलवर रेंज फुल दिसते, व्हिडिओ तिथल्या तिथेच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तो लावायचा अर्ध्या वाटेवर, जिथे राउटरची रेंज अजून चांगली आहे. तिथेही स्वस्तातला, एकाच बँडचा (वायफायच्या एकाच पट्ट्यावर चालणारा) असेल तर स्पीड साधारण निम्मा होतो, कारण घेणं आणि देणं तो आळीपाळीने करतो. मी रिपीटर घेतच नाही. टीव्ही काही जागचा हलत नाही, मग राउटरपासून टीव्हीपर्यंत भिंतीच्या कडेने लॅनची (नेटची) वायर ओढायला अर्धा दिवस द्यायला काय हरकत आहे? बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, पण फोर-केला तेवढं भरपूर झालं.

वायफाय सहसा दोन पट्ट्यांत चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. टीव्ही बऱ्याचदा २.४ वर अडकलेला असतो, त्याला ५ वर जोडा. मध्ये दोन जाड भिंती असतील तर मात्र २.४ च बरा, राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ ठेवून. मायक्रोवेव्हही २.४ च्याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे राउटर त्याच्याजवळ नको. टीव्हीत खोचायची स्ट्रीमिंग स्टिक असेल तर ती टीव्हीच्या पाठीला चिकटवू नका, सोबत आलेली छोटी एचडीएमआय वायर लावून ती बाजूला काढा.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, मग मोजा. घाईत चार गोष्टी बदलल्या की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

एवढं करूनही अडकत असेल, तर लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडून रात्री मोजा. तिथेही आकडा कमी आला तरच नेटवाल्याला फोन लावा आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवा.