विस्मरणाची गोष्ट शूट करण्याआधी

प्रेम आणि विस्मरण या विषयावर शॉर्टफिल्म करायची ठरली की पहिली धाव कॅमेऱ्याकडे जाते. कुठला भाड्याने मिळतो, लेन्स कुठल्या, ड्रोन लागेल का. ते सगळं आठवडाभर बाजूला ठेवा. आधी एक वही घ्या आणि तुमच्या नायिकेला गोष्टीच्या पहिल्या दिवशी काय आठवतं, मधल्या टप्प्यात काय आठवतं आणि शेवटी काय उरतं, हे तीन पानांवर लिहून काढा. काय गेलं ते पटकन लिहून होतं. काय उरलं ते शोधायला वेळ लागतो, आणि माझ्या मते प्रेमाची गोष्ट तिथेच असते. ही तीन पानं दिग्दर्शक, अभिनेत्री, कलादिग्दर्शक आणि कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात सगळं जुळतंय ना ते, पाहणारी मुलगी, या चौघांच्या हातात असल्याशिवाय पुढची तयारी सुरू करू नये.

बोलायला सोपं जावं म्हणून एक गोष्ट धरून चालू. पुण्याच्या नारायण पेठेत जुन्या वाड्याच्या माडीवर राहणारं जोडपं. आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, आजी महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. आजी रोज दिवेलागणीला दाराकडे बघत विचारतात, "हे अजून कसे आले नाहीत?" आणि आजोबा समोरच्या खुर्चीत बसलेले असतात.

आता यातलं वैद्यकीय खरं-खोटं तपासून घ्या. डोक्याला मार लागला, सगळं विसरली, पुन्हा मार लागला, सगळं आठवलं, हा प्रकार आपल्याकडे पडद्यावर इतका चालला आहे की लिहिताना हात आपोआप तिकडे वळतो. अल्झायमर तसा वागत नाही. 1906 मध्ये जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी ज्या रुग्ण स्त्रीची हकिगत पहिल्यांदा मांडली, तिथपासून आजवर चित्र साधारण तेच आहे: मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला लवकर झळ लागते, म्हणून ताज्या आठवणी आधी जातात आणि जुन्या बराच काळ टिकतात. सकाळी जेवलो की नाही ते आठवत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या वर्गातली मुलं नावानिशी आठवतात. संध्याकाळ झाली की अनेकांची अस्वस्थता वाढते, स्वतःच्याच घरात "मला घरी जायचंय" असा धोशा लागतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणारा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, वेगळा, तो बरेचदा पायरी-पायरीने उतरतो. लेवी बॉडी नावाच्या डिमेन्शियाच्या प्रकारात नसलेली माणसं दिसू शकतात. तुमच्या आजींना नेमकं काय झालंय ते ठरवा. संवादात आजाराचं नाव एकदाही आलं नाही तरी चालेल, पण तुम्हाला ते माहीत हवं.

दवाखान्याचा प्रसंग असेल तर तो नीट लिहा. डॉक्टर पहिल्या भेटीत निकाल सांगून मोकळे होत नाहीत. बी-12 आणि थायरॉइडची रक्ततपासणी होते, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. मेंदूचा स्कॅन होतो. कागदावर घड्याळ काढायला सांगतात, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर ठेवा म्हणतात. हे घड्याळ कलाविभागाच्या यादीत आधीच टाका: सगळे आकडे एका बाजूला दाटीवाटीने आलेले, उरलेलं अर्धं वर्तुळ रिकामं. अभिनेत्रीकडूनच काढून घ्या आणि भरपूर प्रती तयार ठेवा. खऱ्या रुग्णाने काढलेला कागद कुणाकडून मागून आणून वापरू नका.

माणसं भेटायची आहेत तर घाईत भेटू नका. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे जवळपास 88 लाख माणसं. तुमच्या ओळखीतच कुणीतरी निघेल. घरी जाल तेव्हा कॅमेरा गाडीतच राहू द्या. "मला ओळखलंत का?" असं कधीही विचारू नका. त्या प्रश्नाने समोरचं माणूस कानकोंडं होतं आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही. सरळ नाव सांगा, बसा, चहा घ्या. सांभाळणाऱ्याशी बोलणं दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या दिवशी, कारण आपल्याबद्दल आपल्यासमोर बोललं जातंय हे कळायला स्मरणशक्ती लागत नाही. खऱ्या आजारी व्यक्तीलाच कॅमेऱ्यासमोर बसवायचा मोह झालाच, तर मुलाने सही दिली एवढ्यावर जाऊ नका. जी संमती तिला आज समजून देता येत नाही, ती तिच्या वतीने कुणी दिली तरी चेहरा तिचाच दिसणार आहे. अभिनेत्री आहे, गोष्ट आहे, तेवढ्यात भागवा. ऐकलेल्या घटना वापरताना गाव, नातं, नोकरी बदला आणि संहिता त्या घरी वाचून दाखवा.

या भेटींतून जे मिळतं ते बारीक असतं. कपाटांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, गॅसच्या सिलिंडरचा रात्री बंद केलेला नॉब, दाराला वरच्या बाजूला नव्याने लावलेली कडी, पीठाच्या डब्यात सापडलेला चष्मा. ही तुमची खरी प्रॉपर्टी लिस्ट, म्हणजे सेटवर लागणाऱ्या वस्तूंची यादी. धूसर कडांचे शॉट आणि पांढऱ्या उजेडातले फ्लॅशबॅक यांच्यापेक्षा ती वरची कडी प्रेक्षकाला जास्त सांगते. मी तर म्हणेन, फ्लॅशबॅक यादीतून काढूनच टाका. तरुणपणीची जोडी, त्यांचे कपडे, जुनी स्कूटर, हा सगळा खर्च वाचतो आणि भूतकाळ आजींच्या तोंडून येतो, तुटक, चुकलेला, तरीही त्यांचा स्वतःचा.

उरलेल्या गोष्टींच्या पानावर दोन नोंदी माझ्याकडून घ्या. पहिली, हातांची आठवण. वर्षानुवर्षं सवयीने केलेली कामं फार उशिरापर्यंत टिकतात. आजींना आज कुठला वार ते सांगता येणार नाही, पण उकड हातात दिली की पारी पसरते, अंगठा आणि दोन बोटं मिळून कळ्या पडत जातात, टोक मिटतं. अभिनेत्रीला हे जमत असेल तरच प्रसंग ठेवा. नसेल तर महिनाभर आधी शिकायला लावा. दुसरीच्या हातांचे क्लोजअप जोडू नका, वयाचे हात लगेच ओळखू येतात. दिव्यांखाली उकड वाळते आणि पारीला चिरा जातात, म्हणून कडेला ओल्या फडक्याखाली ताजी उकड आणि वाटीत तेल-पाणी हवं, आणि ते बघायला एक माणूस.

दुसरी नोंद उखाण्याची. आजींनी आयुष्यभर नवऱ्याला नावाने हाक मारली नाही. नाव घेतलं ते फक्त चारचौघांत, उखाण्यात. यमकात बसलेले शब्द, गाणी, आरत्या, पाढे हे साध्या बोलण्यापेक्षा चिवट असतात. समजा, समोरचा माणूस कोण ते आजींना कळत नाही, पण गप्पांच्या ओघात त्या त्यालाच ऐकवतात, "ओंकारेश्वराच्या दारी नदीला आलं पाणी, वसंतरावांचं नाव घेते, ऐका सगळ्याजणी." ऐकणारे वसंतराव. हा प्रसंग एकदाच, एका सलग शॉटमध्ये, पार्श्वसंगीताशिवाय. कॅमेरा आजोबांवर ठेवायचा की आजींवर, याचा निर्णय तालमीत घ्या, सेटवर नको.

कलाकार पुण्यात मिळतात, हे आपलं भाग्यच. प्रायोगिक नाटक करणारी, सुदर्शन रंगमंच आणि भरत नाट्य मंदिर या नाट्यगृहांत वाढलेली ज्येष्ठ मंडळी आहेत, आणि संहिता आवडली तर ती मनापासून काम करतात. फक्त आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असते, म्हणून तालमी खऱ्या खोलीत, खऱ्या अंतरावरून घ्या. अभिनयात हात थरथरवणं आणि शून्यात नजर लावणं आधीच थांबवा. सुरुवातीच्या टप्प्यातलं माणूस आपलं विसरणं लपवत असतं. शब्द सापडला नाही की "ते हो, आपलं ते" म्हणून वेळ मारून नेतं, पाहुणा ओळखू आला नाही तरी "बसा ना, चहा टाकते" हे अचूक म्हणतं. त्या लपवण्यात अभिनेत्रीला करण्यासारखं खूप आहे. आजोबांच्या भूमिकेचीही तितकीच तयारी करून घ्या: एकच उत्तर दिवसातून विसाव्यांदा देणारा माणूस. त्याचा संयम, त्याचा एकदा सुटलेला तोल, आणि नंतरचा अपराधीपणा. तोल सुटण्याचा प्रसंग नसेल तर फिल्म खोटी वाटते.

लोकेशनची रेकी, म्हणजे आधी जाऊन करायची पाहणी, ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी करा. दुपारी शांत वाटणाऱ्या वाड्यात संध्याकाळी सहाला काय होतं ते ऐका: मंदिराची घंटा, शेजारचा कुकर, बोळातून शिरणाऱ्या दुचाक्या. सकाळी घंटागाडी कधी येते ते विचारा. दुरुस्तीसाठी पाणी किंवा वीज बंद ठेवायला पुण्यात गुरुवार ठरलेला, तेव्हा शूट त्या दिवशी लावू नका. लाकडी जमिनीवर बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरणाऱ्याची पावलं वाजतात, सतरंज्या न्या. वायरिंग जुनं असतं, इलेक्ट्रिशियनला बोर्ड दाखवा आणि एलईडी दिव्यांवरच भागवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंदाचं शटर ठेवलं की घरातल्या ट्यूबा पडद्यावर लुकलुकत नाहीत. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दिवेलागणीचा तो उजेड जेमतेम पाऊण तास मिळतो. आजींचा रोजचा प्रश्न त्याच उजेडात आहे, म्हणून तो प्रसंग दोन संध्याकाळींत वाटून ठेवा. जिना चढणं आणि संडासाची सोय यांचा विचार ज्येष्ठ कलाकारांच्या दृष्टीने करा. त्यांच्या औषधांच्या आणि जेवणाच्या वेळा कॉलशीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या वेळापत्रकाच्या कागदावर, लिहिलेल्या असाव्यात.

आवाजासाठी प्रत्येक खोलीचा मिनिटभर रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, घ्या, सगळे जागच्या जागी स्तब्ध. फ्रिज बंद कराल तेव्हा गाडीची किल्ली आत ठेवा, म्हणजे निघताना तो परत सुरू केल्याशिवाय कुणी जाणार नाही. घरमालकांचं दूध नासलं तर दुसऱ्या दिवशी दार उघडणार नाही.

गाण्याचा प्रश्न संहितेच्या वेळीच सोडवा. या विषयावरच्या जवळपास प्रत्येक संहितेत रेडिओवर जुनं भावगीत लागतं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो, म्हणजे 1960 साली निघालेली तबकडी 2020 अखेर मोकळी झाली. पण त्यातले शब्द आणि चाल यांचे हक्क कवी आणि संगीतकार गेल्यानंतरही 60 वर्षं चालतात. म्हणून तबकडी जुनी आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. तुकोबांचे अभंग किंवा जात्यावरच्या पारंपरिक ओव्या घेतल्या तर शब्द मोकळे. चाल तुमची स्वतःची करा आणि आजींच्याच आवाजात, थोडी बेसूर झाली तरी, गाऊन घ्या.

परवानग्यांचं थोडक्यात: वाडामालकांशी लेखी करार, रस्त्यावरच्या शूटसाठी राज्याच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना, शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूसाठी पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी. टेकडीवर जायचं असेल तर वनखात्याला विचारा. ड्रोन सोडून द्या. लोहगावला हवाई दल, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, शिवाय या गोष्टीत आकाशातून बघणारं कुणी नाही.

कंटिन्युइटीवर मात्र जीव ओता. इतर फिल्ममध्ये खुंटीवरची पिशवी जागा बदलून बसली तर ती चूक ठरते, इथे प्रेक्षक त्याचा अर्थ लावतो. आजींनी हलवली का, असं त्याला वाटतं. प्रत्येक सेटअपच्या आधी आणि नंतर फोटो, चिठ्ठ्या कुठल्या दिवशी किती होत्या त्याची नोंद, कुंकू, मंगळसूत्र, स्वेटरची बटणं. आजार वाढतो तशी आजींची साडी नेसणं बिघडतं, मग आजोबा निऱ्या घालून देऊ लागतात, मग गाऊन येतो. हा क्रम कपडेपटाच्या तक्त्यात संहितेच्या पानांसह लिहा, कारण शूट त्या क्रमाने होणार नाही.

कार्ड दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर उतरवून, उघडून बघितल्याशिवाय फॉरमॅट करू नका. एक डिस्क रोज रात्री दुसऱ्या घरी जाऊ द्या. महोत्सवांना पाठवायची असेल तर आधी यूट्यूबवर टाकू नका, बऱ्याच ठिकाणी पहिला खेळ आपल्याकडेच व्हावा अशी अट असते. पंधरा मिनिटांच्या आत बसली तर कार्यक्रमात जागा मिळणं सोपं जातं.

आणि वेळापत्रकात एक तारीख आत्ताच राखून ठेवा: कच्चं एडिट त्या घरी नेऊन दाखवायची, जिथे तुम्ही चहा प्यायला होतात. कुठे खोटं वाटलं आणि कुठे बघवेना, हे दोनच प्रश्न विचारा. खोटं वाटलं ते काढा. बघवेना म्हणाले तिथे काय दुखलं ते नीट ऐकून घ्या, एखादी खूण त्यांच्या घराची म्हणून ओळखू येत असेल तर ती कापा. त्यानंतर एडिट लॉक करा, म्हणजे पुढे कापाकापी नाही, आणि आवाजाच्या मिक्सिंगची तारीख घ्या.