जुन्या गाडीचा आवाज कसा ओळखावा: आधी ठरवा, लोखंड वाजतंय की हवा

जुन्या गाडीच्या इंजिनातून टिकटिक यायला लागली की सल्ले देणाऱ्यांची रांग लागते. जाड ऑइल टाका, टॅपेट (इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, दाबणारे भाग) सेट करून घ्या, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडावं लागेल. कान लावून ऐकलेलं मात्र त्यातल्या कोणीच नसतं. माझ्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली, तीन सिलिंडरची. तिचे आणि ओळखीच्या लोकांच्या झेन, एस्टीम, सँट्रोचे आवाज मी बरीच वर्षं ऐकत आलोय. पाना हातात घेण्याआधी एवढंच ठरवा, की आवाज लोखंडाचा आहे की हवेचा. बाकीचं सगळं त्यानंतर.

ऑइल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) तुम्ही पाहिलेलं असणारच. ऑइल कमी निघालं तर आधी भरा, मग ऐका.

ऐकायची वेळ पहाटेची. दिवसा मुंबईत बेस्टची बस आणि रिक्षांच्या आवाजात काही कळत नाही. रविवारी सकाळी सहाला, रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा. उघड्या कंपाउंडमध्येच, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये नको. धूर कोंडतो आणि तो विषारी असतो. वॉचमनला आदल्या रात्री सांगून ठेवा. चावी फिरवायला घरातलं कोणीतरी बसवा आणि तुम्ही बॉनेट उघडून उभे राहा. ओढणी, मोकळी बाही, हातातलं कडं बेल्टपासून लांब ठेवा. थंड इंजिनाची पहिली दोन मिनिटं सगळ्यात मोलाची. गॅरेजला पोचेपर्यंत ती संपलेली असतात, म्हणून तर मेकॅनिक म्हणतो, "साहेब, आवाज येतच नाही."

चिरचिर येत असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर चालत्या फॅन बेल्टवर लांबून थोडं पाणी शिंपडा. आवाज क्षणभर बदलला किंवा थांबला तर दोष बेल्टचा. घरघर असेल तर इंजिन बंद करून बेल्ट काढा आणि मिनिटभर चालवून पाहा. घरघर गेली तर अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचं) किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग. मिनिटभरच, कारण बेल्ट नसताना पाणी फिरत नाही.

आता टिकटिक. इथे मी स्वतः फसलो, म्हणून इथे सावकाश जा.

माझी गाडी सकाळी टिकटिक करायची आणि माहीमहून सायनपर्यंत पोचेस्तोवर गप्प व्हायची. एका गॅरेजमध्ये टॅपेट सेट केले. आठवड्यात आवाज परत. दुसऱ्या गॅरेजमध्ये आवाज दाबायचा म्हणून टॅपेट इतके आवळले की गाडी गरम झाल्यावर स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता उभी असताना) थरथरायला लागली, कारण व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हते. आवाज मात्र होता तसाच. तिसऱ्याने हेड उघडायचं म्हटलं आणि मी गाडी घरी आणली.

ही फसगत का होते ते समजून घ्या. स्लोला इंजिन ९०० आरपीएमवर (मिनिटाला ९०० फेरे) असेल तर क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, सेकंदाला १५ फेरे मारतो आणि व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, त्याच्या निम्मे, साडेसात. म्हणजे सैल झालेला एक टॅपेट सेकंदाला साडेसात वेळा वाजतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (सिलिंडरांमधला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट, म्हणजे जोडातलं पॅकिंग, एका सिलिंडरपाशी फुटलं असेल, तर तिथूनही सेकंदाला साडेसात वेळाच हवेचा फटका बाहेर येतो. ताल तोच आणि टिकटिकही तशीच. नुसत्या कानाने भेद करणारा मला अजून भेटलेला नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्याकडे मी गाडी देत नाही.

दोन वस्तू लागतात. एक लांब स्क्रू ड्रायव्हर आणि एक मीटरभर नळी, गवंडी पाण्याची लेव्हल काढायला वापरतात ती. स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) बोल्टवर टेका आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. लोखंड वाजत असेल तर इथे ते खणखणीत ऐकू येतं. हवा गळत असेल तर स्क्रू ड्रायव्हरमधून फारसं काही येत नाही. मग नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं मॅनिफोल्डच्या जोडावरून हळूहळू सरकवा, न टेकवता. माझ्या गाडीत पहिल्या दोन सिलिंडरांपाशी नुसती घुमघुम होती. तिसऱ्यापाशी नळी गेली आणि कानात फट्-फट् असा वारा आपटला. टॉर्च मारला तर जोडाभोवती काजळीचा काळा पट्टा, आणि त्या टोकाच्या स्टडवर (ज्यावर नट आवळतात त्या आट्यांच्या दांडीवर) नटच नव्हता. स्टड गंजून तुटला होता. समुद्राजवळच्या गाड्यांत हे फार होतं.

खात्री हवी असेल तर गाडी थंड असतानाच मदतनीसाला सायलेन्सरच्या तोंडावर ओला जाड फडका दोन-तीन सेकंद धरायला सांगा, पूर्ण न दाबता. टिकटिक वाढली की गळतीच. गाडी तापल्यावर मॅनिफोल्ड फुगून फट बुजवतो, म्हणून ही परीक्षा थंड असतानाच.

गॅस्केट आणि स्टड कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळाले. गंजलेले बाकीचे नट ताकद लावून फिरवू नका, एकाचे दोन तुटतील. रात्रभर गंज सुटायचं तेल मारून ठेवा. तुटलेला स्टड लेथवाल्याकडूनच काढून घ्या.

आणि टॅपेट खरोखर सैल निघाले, तर सेटिंग गाडीच्या मॅन्युअलमधल्या मापाने आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालूनच. कानाने नको. थोडा टॅपेट वाजलेला चालतो, आवळलेला चालत नाही. सीएनजीवर चालणाऱ्यांनी तर हे पक्कं ध्यानात ठेवावं. सीएनजीवर व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होत जाते. म्हणजे इंजिन गप्प होत जातं आणि आत व्हॉल्व्ह जळत असतो. सीएनजीवर वर्षानुवर्षं चाललेली जुनी गाडी अचानक शांत वाटली तर खूश न होता टॅपेटची फट मोजून घ्या.

चढावर, वरच्या गियरमध्ये रेस दिल्यावर किणकिण येत असेल आणि गाडीत सीएनजी असेल तर तोच चढ सीएनजीवर चढून पाहा. पेट्रोलवर येते आणि सीएनजीवर जाते, तर ते नॉकिंग आहे, म्हणजे पेट्रोल आत अवेळी पेटतंय. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) तपासा, आत साचलेला कार्बनही कारण असू शकतो.

खोल, जड ठकठक वेगळी. इंजिन गरम झाल्यावर वाढते, रेस दिली की जोर धरते, ऑइलचा दिवा स्लोला मिणमिणतो. डिस्ट्रिब्युटरवाल्या (एकाच डबीतून वायरींनी सगळ्या प्लगांना ठिणगी जाते अशा) गाडीत इंजिन बंद करून एका वेळी एका प्लगची वायर काढा, तिचं टोक इंजिनाला टेकवून बांधा आणि थोडा वेळ सुरू करून ऐका. चालू इंजिनात वायर ओढू नका, झटका जबरदस्त असतो. एखाद्या सिलिंडरला ठकठक एकदम मऊ झाली तर त्याचं कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलं. अशी गाडी घरापर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, टो करा. इथे जाड ऑइलचा सल्ला देणारा तुमचा क्रँक खराब करतोय.

गॅरेजला जाताना "आवाज येतो" एवढंच सांगू नका. थंड असताना की गरम, स्लोला की रेसला, स्क्रू ड्रायव्हरला ऐकू आला की नळीला, हे कागदावर लिहून द्या. आवाज फक्त सकाळचा असेल तर गाडी रात्रीच गॅरेजमध्ये सोडा, किल्ली स्वतःकडे ठेवा आणि सकाळची पहिली स्टार्ट मेकॅनिकसमोर तुम्हीच मारा.