सिटकॉमसाठी सटकलेला स्टार लिहायचाय? आधी ट्रेसी जॉर्डन नीट बघा

ऑफिस कॉमेडी लिहायला बसलं की एक चक्रम फिल्मस्टार टाकायचा मोह होतोच आणि बहुतेक वेळा तो तिसऱ्या एपिसोडपर्यंत डोक्यात जायला लागतो, कारण लिहिणाऱ्याने "हा काहीही करू शकतो" एवढंच ठरवलेलं असतं. काहीही करू शकणारा माणूस लिहायला सोपा असतो आणि बघायला जाम बोअर. हे ज्यांना जमलंय त्यांच्याकडून शिकायचं असेल तर '३० रॉक' काढा आणि त्यातला ट्रेसी जॉर्डन बघा. ही सिरीज एनबीसी या अमेरिकन चॅनेलवर ऑक्टोबर २००६ ते जानेवारी २०१३ चालली, सात सीझन, न्यूयॉर्कमधल्या एका लाइव्ह कॉमेडी शोच्या पडद्यामागची गोष्ट.

पहिलं काम म्हणजे स्टारला ऑफिसात कोण आणि का आणतंय ते ठरवा. स्टार आपणहून टपकला तर मजा नाही. पायलटमध्ये, म्हणजे पहिल्याच एपिसोडमध्ये, हेड रायटर लिझ लेमनला तो अजिबात नको असतो, पण नवा बॉस जॅक डोनागी म्हणतो घ्यायचाच, म्हणजे घ्यायचाच. आणि येणारा माणूस कोण, तर ज्याचं चड्डीवर, हातात खेळण्यातली लाइटसेबर (स्टार वॉर्समधली ती चमकणारी तलवार) घेऊन रस्त्यावर पळतानाचं फुटेज लोकांनी टीव्हीवर पाहिलंय असा. पुढे तर शोच्या नावातच त्याचं नाव घुसतं, म्हणजे आता याला काढताही येत नाही. तुमच्या स्क्रिप्टमध्येही हे हवंच, त्याला हाकलता का येत नाही याचं पैशाचं नाहीतर खुर्चीचं पक्कं कारण. नाहीतर प्रेक्षक दुसऱ्याच एपिसोडला विचारणार की अरे मग काढून का टाकत नाही याला.

आता मेन मुद्दा. लहरी माणूस हा इतरांसाठी लहरी असतो, स्वतःच्या डोक्यात तो एकदम सरळ रेषेत चाललेला असतो. ट्रेसीला एकदा एक लॉकेट सापडतं, त्यावर ईगॉट लिहिलेलं, म्हणजे एमी, ग्रॅमी, ऑस्कर आणि टोनी हे टीव्ही, संगीत, सिनेमा आणि नाटकाचे चारही मोठे अमेरिकन पुरस्कार मिळवलेला माणूस (हा शब्द खरंच अभिनेता फिलिप मायकल थॉमसने १९८४ मध्ये काढला होता आणि सिरीजमध्ये ते लॉकेट त्याचंच दाखवलंय). झालं, आता आयुष्याचं ध्येय ठरलं, चारही घ्यायचे. कला वगैरे काही नाही, यादी हातात घेऊन दुकानात शिरल्यासारखा तो कामाला लागतो. हसू येतं ते त्याच्या सिरियसनेसमुळे, आणि हे येडं खूळ कितीतरी एपिसोड पुरतं.

म्हणून माझी पद्धत अशी की आधी जोक लिहूच नका, आधी स्टारच्या डोक्यातला नियम लिहा आणि मग तो ऑफिसच्या कामात सोडून द्या. समजा सुचलं की स्टार मीटिंगला माकड घेऊन येतो. का? असंच. एकदा हसलो, संपलं, आणि माकडाचा खर्च वेगळा. त्याऐवजी असं करा, वकिलाने त्याला दम दिलाय की यापुढे न वाचता कशावरही सही करायची नाही, आणि याने ते जिवाला लावून घेतलंय. आता कॉस्च्युमचं पार्सल रिसेप्शनला अडकून पडलंय कारण हा पावतीवर सही करत नाही, संध्याकाळी लाइव्ह शो आहे, ऑफिसातल्या कोणाच्या तरी वाढदिवसाच्या कार्डवर सही मागितली तर म्हणतो आधी माझा वकील वाचेल, वकील खरंच येतो, तासाचे पैसे लावतो, कार्ड वाचतो आणि 'तुझ्यासाठी काहीपण' या ओळीवर हरकत घेतो. यात स्टारने एकही वेडी गोष्ट केलेली नाही, सल्ला ऐकलाय बिचाऱ्याने. आणि प्रॉडक्शनवाल्यांच्या डोक्याला मात्र फुल ताप.

डायलॉगचं पण तेच, म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला असं वाटलं पाहिजे पण लिहिताना तसं चालत नाही. त्याचं वाक्य साधं सुरू करा, मधे वळवा, आणि तो वळलाय हे त्याला स्वतःला कळू देऊ नका. त्याने डोळा मारला की गेलं. इथे अजून एक गोष्ट कामी येते, ज्याच्यासाठी लिहिताय त्याचा आवाज कानात असणं. सिरीज जिने तयार केली ती टीना फे आणि ट्रेसी जॉर्डनचं काम करणारा ट्रेसी मॉर्गन, दोघं सॅटर्डे नाइट लाइव्ह या अमेरिकन कॉमेडी शोमध्ये एकत्र होते, तो कुठे थांबतो, कुठे ओरडतो हे तिला माहीत होतं, आणि पात्राचं पहिलं नावसुद्धा त्याचंच ठेवलंय. तुमच्याकडे नट ठरलेला नसेल तर ओळखीतला एखादा बोलका माणूस डोळ्यासमोर ठेवा.

मग त्याला मूर्ख समजणाऱ्यांना तोंडावर पाडा, अधूनमधून तरी. पहिल्या सीझनमध्ये लिझला वाटतं ट्रेसीला वाचताच येत नाही, आणि तो ते खरं आहे असं दाखवून मस्त काम टाळतो. तिच्या मनातला पूर्वग्रह त्याने बरोबर ओळखलेला असतो, आणि माझ्या मते अख्ख्या सिरीजमधला हा सगळ्यात धारदार वापर आहे या पात्राचा. तसंच बाहेर बाईबाज म्हणून मिरवणारा हा माणूस प्रत्यक्षात बायकोशी एकनिष्ठ निघतो. असं एक गुपित असू द्या जे त्याच्या इमेजला मारक आहे, कारण मग त्याच्याकडे लपवायला काहीतरी येतं आणि लपवणारा माणूस कधीही कामाचा.

एक गोष्ट मात्र टाळा. सुरुवातीच्या एपिसोडांमध्ये त्याची औषधं आणि भास यावर जोक होते, ते आज बघताना जरा खटकतं. आजारातून आलेला विचित्रपणा आणि पैसा, प्रसिद्धी, हांजी हांजी करणारी माणसं यातून आलेला विचित्रपणा वेगळे, आणि कॉमेडी दुसऱ्यात जास्त आहे.

आजूबाजूची माणसं वेगवेगळ्या स्वभावाची ठेवा, सगळेच त्याच्यावर वैतागले तर सीन एकसुरी होतो. लिझ वैतागते, जॅक त्याला धंद्याच्या नजरेने बघतो, ऑफिसात पडेल ते काम करणारा केनेथ मनापासून सेवा करतो, आणि ग्रिझ आणि डॉट कॉम, कायम त्याच्या मागे असणारे दोघं धिप्पाड, तेच बऱ्याचदा खोलीतले सगळ्यात समजूतदार. जेना ही दुसरी स्टार, पण तिचं वेड अगदी प्रेडिक्टेबल, माझ्याकडे बघा, बस. दोन स्टार असतील तर हा फरक सांभाळा नाहीतर एकीचे जोक दुसऱ्याला देता येतील आणि मग एकीची गरजच काय.

खूळ पूर्ण झालं तर काय, हेही आधीच ठरवून ठेवा. ट्रेसीला खरंच ऑस्कर मिळतो, आणि लोक मान द्यायला लागतात, तर तोच त्याला त्रास होतो कारण आता गंमतजंमत बंद. मग तो आफ्रिकेला गेलोय म्हणून गायब होतो. यामागचं खरं कारण म्हणजे डिसेंबर २०१० मध्ये ट्रेसी मॉर्गनची किडनी बदलली होती आणि त्याला सुट्टी हवी होती, पण लेखकांनी ती गैरहजेरीसुद्धा पात्राच्या स्वभावात बसवली आणि मागे राहिलेल्यांना शो कसा वाचवायचा हा प्लॉट मिळाला. तुमच्या कच्च्या ड्राफ्टमध्ये पण हे करून बघा, एका एपिसोडमधून स्टारला पूर्ण काढा. बाकीच्यांकडे करण्यासारखं काहीच उरलं नाही तर आधी त्यांच्यावर काम करा, स्टारला नंतर आणा.