आयसीयूत नवीन लागलेल्या सिस्टरांसाठी, ताणाबद्दल थोडंसं

जीएनएम नाहीतर बीएस्सी नर्सिंग करून आयसीयूत लागलात की पंप, व्हेंटिलेटर, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) हे सगळं काही महिन्यांत हाताखाली येतं. कोणी शिकवत नाही ते वेगळंच. एक पेशंट जातो, नातेवाईकांना सामोरं जायचं, सगळं आवरायचं आणि लगेच तोच बेड पुढच्या अ‍ॅडमिशनला तयार करायचा, तेव्हा आपलं आपल्याला कसं सावरायचं?

मला एक विभागणी फार कामाला आली. लॅझरस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलेली. काही ताण असा असतो की त्याचं कारणच बदलता येतं, आणि काही असा की कारण बदलत नाही, आपल्या मनाकडेच बघावं लागतं. रोस्टरमध्ये सलग नाईट लागल्या, एकटीकडे जास्त व्हेंटिलेटर आले, तर हा पहिला प्रकार, इथे इनचार्ज सिस्टरना स्पष्ट सांगायचं, गरज पडली तर लेखी द्यायचं. इथे ध्यानबिन सुचवणाऱ्यांचं मी ऐकत नाही, कारण स्टाफ कमी असेल तर तो श्वास मोजून वाढत नाही.

पेशंट जाणं हा मात्र दुसरा प्रकार. तिथे माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे चाललंय त्यावरच लक्ष ठेवणं, खरंच उपयोगी पडतं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल सेंटरमध्ये त्याचा कोर्स सुरू केला, तो आता आठ आठवड्यांचा असतो. आपल्याकडे इगतपुरीला विपश्यनेचा दहा दिवसांचा असतो, पण नवीन नोकरीत एवढी रजा कोण देणार! म्हणून मी सांगते हँडरबपासून, म्हणजे हात निर्जंतुक करायला चोळतो त्या सॅनिटायझरपासून, सुरुवात करा. डब्ल्यूएचओच्या पद्धतीने तो २० ते ३० सेकंद चोळायचा असतोच, आणि ड्युटीत कितीतरी वेळा करायचा असतो. तेवढा वेळ लक्ष फक्त हातांवर ठेवायचं, तो गारवा, तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे. मन मघाच्या बेडकडे पळणारच, पळालं की कळलं पाहिजे आणि परत हातांवर आणायचं, हे परत आणणं हाच व्यायाम आहे, मन रिकामं वगैरे करायचं नाहीये. आणि हे शांत वेळी सुरू करा, सवय आधी लागलेली असेल तरच अवघड दिवशी आठवतं.

पेशंट गेल्यावर बरोबरच्या सिस्टरशी दोन मिनिटं तरी बोला, रडू आलं तर येऊ दे. माझ्या मते चेंजिंग रूममधलं हे बोलणं कुठल्याही वर्कशॉपपेक्षा जास्त टिकवतं.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. झोप होऊनही थकवा जात नाही, पेशंटबद्दल काही वाटेनासं झालंय, आपण कामाच्याच नाही असं वाटतंय, आणि हे आठवडे आठवडे चाललंय, तर थांबू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आणि चोवीस तास, म्हणजे नाईटवरून सुटल्यावर पहाटेही फोन करता येतो, मराठीत बोलता येतं.