पीसी चालू व्हायला फार वेळ लागतोय? उघडायच्या आधी ही तयारी करून ठेवा

बटण दाबलं की फॅन फिरतात, कंपनीचा लोगो येतो आणि मशीन तिथंच मिनिट-दोन मिनिटं अडकून राहतं, पण एकदा विंडोज आलं की सगळं नीट चालतं, असं होत असेल तर कृपा करून लगेच फॉरमॅट मारू नका. लोगो दिसतोय पण खाली ते गोल फिरणारं चक्र अजून आलेलं नाही, म्हणजे विंडोज सुरूच झालेलं नाही. तेव्हा बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा प्रोग्राम, एकेका पोर्टला विचारत असतो की इथं कोण जोडलंय, आणि एखादी हार्ड डिस्क किंवा यूएसबीला लावलेलं काहीतरी नीट उत्तर देत नसेल तर तो ठराविक वेळ वाट बघतो, रीसेट करतो, परत विचारतो, परत वाट बघतो. पोर्ट पूर्ण रिकामा असेल तर बायोस बहुतेक वेळा पटकन पुढं जातो, खरा वेळ खातं ते अर्धवट जिवंत असलेलं डिव्हाइस, आणि आपल्याला शोधायचंय ते तेच. विंडोज कितीही वेळा नव्यानं टाकलं तरी बायोसचं हे थांबणं कमी होत नाही.

सगळ्यात आधी बॅकअप, आणि हे मी फक्त म्हणायचं म्हणून म्हणत नाहीये. जे डिव्हाइस उत्तर द्यायला वेळ लावतंय ती मरायला टेकलेली हार्ड डिस्क असू शकते, आणि अशी डिस्क आज दोन मिनिटांनी का होईना दिसतेय, उद्या दिसेलच असं नाही. म्हणून मशीन आत्ता चालू असेल तर बंद करायच्या आधीच फोटो, टॅलीचा डेटा, मुलांचे प्रोजेक्ट, स्कॅन केलेली कागदपत्रं, जे परत मिळणार नाही ते आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या, पिक्चर आणि गाणी नंतर. कॉपी करताना आतून टकटक आवाज यायला लागला किंवा फाइल अडकायला लागली तर जबरदस्ती करू नका, अगदी महत्त्वाचं तेवढं घ्या आणि थांबा, आणि त्यातलं काही फारच मोलाचं असेल तर तिथून पुढं डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या.

मग बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, की. विंडोज ११ वाल्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो, मग बायोसमध्ये काही बदललं की निळा स्क्रीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतो आणि माणूस डोक्याला हात लावून बसतो. बहुतेकदा ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, तर दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून बघा, कागदावर लिहून घ्या. त्याच वेळी बायोसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलनं फोटो काढा, खास करून साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय आहे की रेड, ते पान. ते सेटिंग बदललं तर विंडोज बूटच होत नाही, त्यामुळे त्याला हात लावायचा नाही, पण मदरबोर्डवरची छोटी बॅटरी काढल्यावर ते आपोआप बदलू शकतं म्हणून फोटो हवाच.

आता मोजणी. नुसतं 'खूप वेळ लागतो' म्हणून भागत नाही, मोबाइलचं स्टॉपवॉच लावा किंवा सरळ व्हिडिओ काढा आणि एका वहीत लिहा: बटण ते लोगो, लोगो ते फिरणारं चक्र, चक्र ते लॉगिन, लॉगिन ते डेस्कटॉप. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन हे पूर्ण शटडाउन नसतं, त्यामुळे मोजताना शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा नाहीतर आकडे फसवतात. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर वरच्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' म्हणून आकडा दिसतो, सगळ्या मशीनवर दिसत नाही, पण दिसला तर सोनं आहे. माझ्या मते पंधरा-वीस सेकंदांच्या आत असेल तर बायोसला दोष देऊ नका, चाळीस-पन्नासच्या वर असेल तर हार्डवेअरच्याच मागे लागा.

चक्र फिरायला लागल्यावर वेळ जात असेल तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा. सिस्टम लॉगमध्ये इव्हेंट १२९ म्हणजे विंडोजला डिस्क रीसेट करावी लागली, १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं परत करावं लागलं, ११ म्हणजे कंट्रोलरची एरर, ७ म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कवरची खराब जागा. एखादा सुटा दिसला तर ठीक, पण दर बूटला तेच येत असेल तर चोर सापडत आलाय. लिनक्सवाल्यांनी डीमेसेज ही कमांड चालवून बघावं, तिथं 'लिंक इज स्लो टु रिस्पॉन्ड' असं चक्क लिहून येतं, आणि सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम ही कमांड चालवली की कोणी किती सेकंद खाल्ले ती यादीच मिळते. बरोबर ९० सेकंद थांबत असेल तर बहुधा डिस्क खराब नाहीये, जुनी डिस्क किंवा स्वॅप काढून टाकलेलं असतं आणि एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) त्याची ओळ तशीच राहिलेली असते, ती काढा किंवा त्या ओळीला नोफेल हा पर्याय लावा, काम झालं.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो घेऊन ठेवा आणि त्यात ०५, सी५ आणि सी७ या तीन ओळींचा फोटो काढा. पहिल्या दोन म्हणजे डिस्कच्या आतली खराबी. सी७ मात्र बहुतेक वेळा केबलची तक्रार असते, आणि तो आकडा केबल बदलली तरी शून्य होत नाही, फक्त वाढायचा थांबतो, म्हणून आधीचा आकडा लिहून ठेवणं गरजेचं आहे. लोक हे न लिहिता केबल बदलतात, मग तोच आकडा बघून चांगली डिस्क भंगारात काढतात.

सामान फार लागत नाही. क्लिपवाली एक नवी साटा केबल, मदरबोर्डसाठी सीआर२०३२ ची एक नाण्यासारखी बॅटरी, चार मुखी स्क्रू ड्रायव्हर, मऊ ब्रश, आयसोप्रोपाइल अल्कोहोलची छोटी बाटली, कागदी चिकटपट्टी आणि पेन म्हणजे कुठली केबल कुठल्या पोर्टची ते लिहिता येतं, आणि स्क्रू ठेवायला वाटी. बॅटरी यासाठी की ती संपली असेल तर मशीन तारीख-वेळ विसरतं, सेटिंग मूळपदावर जातात आणि दर वेळी नव्यानं सगळं शोधत बसायची वेळ येऊ शकते, तेव्हा घड्याळ चुकतंय का ते आधी बघा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात वापराविना पडून राहिलेल्या मशीनमध्ये ओलाव्यानं कॉन्टॅक्ट खराब झालेले असतात, तिथं कधी कधी रॅम आणि केबल काढून पुसून परत बसवल्यावरच फरक पडतो.

उघडायच्या दिवशी घाई नको, दुपार मोकळी ठेवा. पण कॅबिनेट उघडायच्या आधीच कीबोर्ड-माउस सोडून यूएसबीचं सगळं काढा, हब, प्रिंटर, बाहेरची डिस्क, चार्जिंगला लावलेला मोबाइल, कार्ड रीडर, आणि मोजा. माझा भर याच पायरीवर आहे कारण इथं एक रुपया खर्च नाही आणि किती तरी वेळा दोषी इथंच सापडतो. फरक पडला तर एकेक परत लावत जा, लावल्यावर दर वेळी मोजा. नाही पडला तर मग पॉवरची वायर काढून बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि डीव्हीडी रायटर असेल तर त्याची केबल काढा, नंतर दुसरी हार्ड डिस्क, डेटा आणि पॉवर दोन्ही. एका वेळी एकच बदल, हे कितीही कंटाळवाणं वाटलं तरी पाळा. बदलानंतरचं पहिलं बूट कधी कधी उगाच लांबतं, म्हणून दुसऱ्यांदाचा वेळ लिहा. डीडीआर५ रॅमवालं नवीन मशीन असेल आणि रॅम किंवा बॅटरी काढली असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते, तेव्हा घाबरून बटण दाबू नका, ते रॅमची जुळवाजुळव करत असतं.

बायोसमध्ये नेटवर्क बूट, म्हणजे पीएक्सई, चालू असेल आणि बूट ऑर्डरमध्ये वर असेल तर बंद करा, त्यात आरामात अर्धा मिनिट जातो. दुकानात, शाळेत अजून जुनी आयडीई मशीन असतात, तिथं रुंद पट्टीच्या केबलवरच्या दोन्ही डिस्कचे जम्पर मास्टर-स्लेव्ह नीट आहेत का आणि फ्लॉपी नसताना बायोसमध्ये १.४४ एमबी लिहिलंय का एवढं बघा.

एवढं करून दुकानात न्यायचीच वेळ आली तर वहीतल्या पानाचा फोटो सोबत द्या: काय काढल्यावर किती सेकंद लागले, सी७ चा आकडा किती होता, कुठला इव्हेंट सारखा येतोय, आणि वर ठळक लिहा की विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये. डिस्क वॉरंटीत असेल तर तिच्यावरच्या सिरियल नंबरचा फोटो आणि बिल शोधून ठेवा, आणि वॉरंटीत बदलून दिली की जुनी डिस्क बहुधा परत मिळत नाही, त्यामुळे ती हातातून द्यायच्या आधी तिच्यावरचा डेटा आपल्याकडे आलाय ना आणि तिच्यावरून पुसलाय ना, दोन्ही तपासून घ्या.