वडिलांच्या पेटीतले मोडी कागद : उशिरा शिकू पाहणाऱ्यांसाठी

लालबागच्या चाळीत आमच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात रत्नागिरीकडच्या गावाहून आलेले, मोडी या जुन्या मराठी लिपीतले कागद होते आणि पणजोबांची जमीन हातची कशी गेली, हे त्यांतून कळावे अशी वडिलांची फार इच्छा होती. गिरणीतून निवृत्त झाल्यावर मोडी शिकायचे त्यांनी ठरवले होते. परंतु १९८२ च्या संपानंतर नोकरीच गेली आणि पुढे पोटापाण्याच्या धावपळीत ते राहून गेले. वडील वारल्यानंतर नऊ वर्षांनी, वयाच्या ६३ व्या वर्षी, मी मोडी शिकायला बसले.

बाराखडी तुम्ही गिरवली असेल, असे मी धरून चालते. आधी ओळभर शिरोरेघ ओढून मग हात न उचलता अक्षरे लिहीत जाण्याची सवय दोन-तीन महिन्यांत होते. जुना दस्तऐवज समोर आला की मात्र शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत आणि ह्रस्वदीर्घाचा भेद नाही, अशा सगळ्या अडचणी एकदमच उभ्या राहतात.

मी फसले ती जागा सविस्तर सांगते. पेटीतले शके १८१९ चे गहाणखत मी तीन आठवडे लावत होते आणि त्यातली मुख्य ओळ मला अशी लागली : ‘मुदतीत रुपये परत दिल्यास जमीन तुमची’. सावकाराने जमीन सोडवून देण्याचे वचन दिले होते आणि नंतर ते मोडले, असा अर्थ लावून मी त्याच रात्री धाकट्या भावाला फोन केला. वडिलांनाही आयुष्यभर हाच संशय होता. पुढच्या तासाला शिक्षकांनी एवढेच विचारले, “बाई, हे कोण कोणाला लिहून देतो आहे?” लिहून देणारे पणजोबा होते आणि लिहून घेणारा सावकार, म्हणजे ‘तुमची’ याचा अर्थ सावकाराची. मग रुपये परत दिल्यावर जमीन त्याची कशी होईल? भिंगाखाली पाहिले तेव्हा ‘परत’ला चिकटलेला एक बारीक ‘न’ दिसला, जो मी लेखणीचा फराटा समजून सोडून दिला होता. मूळ अट ‘परत न दिल्यास’ अशी होती. तो ‘न’ मला दिसला नाही, कारण वडिलांसाठी मला दुसरेच काही वाचायचे होते. म्हणून स्पष्ट बजावते : आधी लिहून देणार आणि लिहून घेणार निश्चित करा, मग प्रत्येक अक्षर सुटे करून देवनागरीत उतरवा, आणि पूर्ण ओळ उतरल्याशिवाय अर्थाकडे वळू नका. घरचा कागद असेल तर हे दुप्पट कसोशीने करा.

तारखांविषयी थोडक्यात सांगायचे तर, शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण माघ-फाल्गुनातल्या कागदाला ७९ मिळवावे लागतात; आमचे खत माघातले, म्हणून ते १८९८ चे ठरले.

दहा दिवसांत मोडी शिकवण्याच्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. तसेच विचारल्याबरोबर ओळ वाचून दाखवणारे शिक्षक मला चांगले वाटत नाहीत, कारण त्याने कागद वाचला जातो, पण आपल्याला वाचता येत नाही. मूळ कागदांना लॅमिनेशन तर कधीही करू नका, ते कायमचे खराब होतात. चांगले फोटो काढून त्यांवरच सराव करा.

वयाची धास्ती बाळगू नका. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांनी मी रोज दहा ओळी वाचते आणि इंग्रजी अमलातले मोडी सरावाने नक्की लागते. कधी पंधरा दिवस एकही ओळ पुढे सरकत नाही. मला त्या दिवसांत रडू आले आहे, तुम्हालाही येईल, तेव्हा आधी लागलेला एखादा कागद पुन्हा वाचावा.

गेल्या पुण्यतिथीला भावाच्या घरी वडिलांच्या फोटोसमोर मी ते खत पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्या ‘न’सकट, मोठ्याने वाचले. त्यानंतर भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने पेटीतला पुढचा कागद काढून माझ्या हातात दिला.