घरच्या स्विमिंग टँकवर राखण कुणाची? या चुका टाळा

पावसाळ्यात कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका. नदीचा असा फुटाफुटाने हिशेब ठेवणारे आपण घरामागच्या टँकमधल्या चार फूट पाण्याकडे मात्र निर्धास्तपणे पाठ करून बसतो.

आम्हीही बसलो होतो. पन्हाळा रोडच्या घरी टँक बांधल्यानंतरचा दुसराच उन्हाळा होता. जोतिबाची यात्रा करून पाहुणे आले होते, तांबड्या-पांढऱ्याच्या पंगती टँकशेजारीच बसल्या होत्या. बहिणीची अडीच वर्षांची नात पाण्यात गेली आणि कुणालाही कळलं नाही. ओरडणं नाही, हात आपटणं नाही. जाऊबाईंना तरंगणारं प्लॅस्टिकचं बदक दिसलं आणि त्याच्याशेजारी फ्रॉक. बाहेर काढल्यावर पोर खोकली आणि रडली, म्हणून आज हे लिहिता येतंय. त्या वेळी टँकभोवती नऊ मोठी माणसं होती आणि त्यातल्या सहा जणांना उत्तम पोहता येत होतं.

मला वाटतं, आपली चूक पोहता येण्यातूनच सुरू होते. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलल्यावर शिकलेली आपली पिढी. वीरधवल खाडे २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला गेला, तो याच गावचा. पाण्याची भीती आपल्याला नाहीच. पण घाटावर किंवा मळ्यातल्या विहिरीवर रोजचे पोहणारे असायचे, कट्ट्यावर एखादे आबा बसलेले असायचे. पोर खोल पाण्याकडे सरकलं की तिथून हाक यायची. घरच्या टँकवर ते आबा नसतात.

सगळे आहेत की, मग काय होतंय?

ही सगळ्यात मोठी चूक. पिकाची राखण जशी एकाकडे असते तशी पाण्याचीही एकाकडेच हवी. आमच्याकडे आता एक शिट्टी आहे. ती ज्याच्या गळ्यात, त्याने मोबाइल बघायचा नाही, वाढायला उठायचं नाही, गप्पांसाठी मान वळवायची नाही. पंधरा-वीस मिनिटांनी शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि तोंडाने सांगायचं, “वहिनी, आता पाणी तुमच्याकडे.” चार वर्षांखालचं मूल पाण्यात असेल तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर, पाण्यातच हवं. हवेच्या ट्यूब आणि दंडाचे फुगे ही खेळणी आहेत. ती निसटतात, त्यांच्यातली हवा जाते, आणि ती घातल्यावर आपलं लक्ष उडतं हे त्याहून वाईट. पोहून झालं की बदकं, बॉल सगळं पाण्याबाहेर काढा. मूल पाण्याकडे जातं ते बहुतेकदा खेळण्यासाठी.

तीन बाजूंचं कुंपण

बरेच जण तीन बाजूंना जाळी लावतात आणि चौथी बाजू घराची ठेवतात. म्हणजे स्वयंपाकघराचं दार उघडं राहिलं की कुंपण संपलंच. चारही बाजू बंद हव्यात. उंची किमान ४ फूट, दोन गजांमधली फट ४ इंचांपेक्षा कमी. गेट बाहेरच्या बाजूला उघडणारं, स्प्रिंगने आपोआप मिटणारं आणि कडी मुलाच्या हाताला न लागणारी. विटा लावून उघडं ठेवलेलं गेट मी इतक्या घरांत पाहिलंय की आता कुणाकडे गेले की आधी तेच बघते. जांभ्याची भिंत असेल तर तिच्या खाचांत पाय ठेवून मुलं सहज चढतात. कुंपणालगत कुंड्या आणि खुर्च्याही नकोत.

ताडपत्री टाकली म्हणजे टँक बंद झाला असं समजू नका. तिच्यावर पाय पडला की ती खाली जाते आणि मूल तिच्याखाली अडकतं, वरून दिसतही नाही.

सूर, बुडी आणि तळाची जाळी

मुटका मारण्यावरून मी भांडत नाही. डोक्यावर सूर मारायला मात्र ९ फुटांपेक्षा कमी पाण्यात सक्त मनाई हवी. घरच्या बहुतेक टँकना तेवढी खोली नसते, आणि तळावर डोकं आपटलं की मान मोडते. कोण जास्त वेळ बुडी मारतो ही पैजही बंद. आधी भराभर श्वास घेऊन मग बुडी मारली तर श्वास घ्यावासा वाटण्याआधीच शुद्ध हरपते, तरबेज पोहणाऱ्याचीसुद्धा.

तळाच्या जाळीतून पंप पाणी ओढतो. ती तुटलेली किंवा ढिली असेल तर वेणी किंवा हात तिथे ओढला जातो आणि मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. जाळी बदलेपर्यंत टँक बंद ठेवा. पंपाचं बटण कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

वास येतोय म्हणजे क्लोरीन जास्त?

बहुतेकदा उलटं असतं. डोळे झोंबणं आणि तो उग्र वास घाम-लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो, म्हणजे कामाचं क्लोरीन संपत आलेलं असतं. अंदाजाने गोळ्या टाकू नका, टेस्ट किट घ्या. मोकळं, म्हणजे कामाचं, क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात १ ते ३ भाग) आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप, ७.२ ते ७.८ मध्ये ठेवा. पीएच वर गेला की तेवढंच क्लोरीन कमी काम करतं.

ॲसिड आणि लिक्विड क्लोरीन एकत्र आलं तर विषारी वायू सुटतो. दोन्हीची मापं वेगळी, जागा वेगळ्या. टीसीसीएच्या (टँकमध्ये टाकतात त्या क्लोरीनच्या) गोळ्या आणि ब्लीचिंग पावडरही एका डब्यात कधीच नको, पेट घेतात. रसायन पाण्यात घालायचं, रसायनावर पाणी ओतायचं नाही.

पाणी गढूळ किंवा हिरवं असून तळाची जाळी वरून स्पष्ट दिसत नसेल तर कुणालाही उतरू देऊ नका. तळाशी गेलेलं मूलही तसंच दिसणार नाही.

पाण्यात झिणझिण्या

लोखंडी शिडीला हात लावल्यावर किंवा पाण्यात झिणझिण्या आल्या तर लगेच मेन स्विच बंद करा. शिडीला न शिवता सगळ्यांना बाहेर काढा. करंट लागलेल्याला वाचवायला त्याच पाण्यात उडी मारू नका. टँकच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) हवा आणि पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच हवेत.

पावसाळ्यात टँक रिकामा करणं

वापर नाही म्हणून ऐन पावसात टँक उपसू नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, ते रिकाम्या टँकला खालून उचलतं आणि तळ फुटतो. पाणी ठेवा, फिल्टर चालू ठेवा, गेटला कुलूप लावा.

पोट दाबून पाणी काढणं

बुडालेल्याला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं यात मोलाची मिनिटं जातात. मेंदूला चार-पाच मिनिटं प्राणवायू मिळाला नाही तर कायमची इजा होऊ लागते. एकाने १०८ ला फोन करायचा, दुसऱ्याने कडक जमिनीवर उताणं निजवून श्वास बघायचा. श्वास नसेल तर मुलाला आधी तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने ३० दाब, दोन श्वास, पुन्हा ३० दाब. उलटी झाली तर कुशीवर वळवा. मूल शुद्धीवर आलं, हसलं, तरी दवाखान्यात न्याच. आमच्या पोरीला रात्रभर तिथे ठेवून घेतलं होतं.

आमच्या टँकच्या भिंतीवर आता ऑइल पेंटने १०८ लिहिलंय. खाली घराचा पूर्ण पत्ता आणि मेन रोडवरून कुठे वळायचं ते. त्या दिवशी फोनवर मला माझ्याच घराचा रस्ता सांगता आला नव्हता.